स्पोर्ट्‌स कार बाळगण्याचा खर्च नेमका कुठे जातो

प्रश्न असा आहे: दहा-बारा वर्षं जुनी स्पोर्ट्‌स कार आता नव्या साध्या सेडानच्या किमतीत मिळते आहे. चालवणं वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच होईल. सर्व्हिसिंगचा खर्च किती धरावा, नेहमीचा मेकॅनिक ती सांभाळू शकेल का, आणि फार कमी चाललेली गाडी शोधावी का?

पहिली गोष्ट, गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना ती ज्या वर्गात होती, त्याच वर्गाचं बिल ती शेवटपर्यंत मागते. म्हणून खर्चाचा अंदाज तुम्ही मोजलेल्या किमतीवरून बांधू नका, ती गाडी आज नवी घ्यायची तर काय पडेल त्यावरून बांधा. मी वर्षानुवर्षं याच गाड्यांची कामं करतो. हौसेने घेतलेली गाडी नाइलाजाने विकणारे जे मालक पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी हा हिशेब घेण्याआधी मांडलेला नव्हता.

दुसरी गोष्ट लोकांना उशिरा कळते. मोठ्या बिलात पार्टपेक्षा मजुरी जास्त असते, आणि मजुरी ठरते त्या पार्टपर्यंत हात पोहोचायला किती तास लागतात यावर. साध्या गाडीत बॉनेट उघडलं की निम्मं इंजिन समोर असतं. मिड-इंजिन गाडीत ते सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे कोंबून बसवलेलं असतं. फेरारी एफ३५५ (१९९४ ते १९९९) घ्या. तिचे टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारे पट्टे) बदलायचे तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची सबफ्रेम (त्यांना पेलणारी चौकट) एकत्र खाली उतरवावी लागते. बेल्ट स्वतः फारसे महाग नाहीत, महाग आहे ते उतरवणं आणि परत चढवणं. तिच्यानंतरच्या ३६० मॉडेनामध्ये सीटच्या मागे एक झाकण दिलं. ते काढलं की इंजिन जागेवर ठेवूनच बेल्ट बदलता येतात. २००४ मध्ये एफ४३० आली तेव्हा बेल्टच्या जागी चेन आली आणि ठरावीक काळाने बेल्ट बदलायचं कामच उरलं नाही. एकाच घराण्यातल्या, पाठोपाठ आलेल्या तीन गाड्या, पण सांभाळण्याच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. मॉडेल निवडताना हॉर्सपॉवरच्या आधी हेच विचारा: कुठल्या कामासाठी काय काय उतरवावं लागतं?

आणि बेल्टचं काम पुढे ढकलता येत नाही. या इंजिनांमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडायची वेळ येते. रबर वयाने थकतं, गाडी उभी असली तरी थकतं. म्हणून हे काम तीन ते पाच वर्षांत करायचंच, मीटरवर आकडा काहीही असो.

इंजिन एकदा खाली आलं की हातासरशी काय काय उरकायचं हे आधीच ठरवून ठेवा. वॉटर पंप, टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीची) बेअरिंग, कूलंटचे होज, इंजिन माउंट, क्लच निम्म्याहून जास्त झिजला असेल तर तोही. ‘अजून चालतंय, राहू द्या’ असं म्हणून वॉटर पंप तसाच ठेवला आणि तो वर्षभरात गळला, तर त्या स्वस्त पंपासाठी सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते. ग्राहकाला बिल फुगवल्यासारखं वाटतं, पण एवढ्या कामांची यादी हातात देणारा मेकॅनिक तुमच्या पुढच्या तीन-चार वर्षांचा विचार करतो आहे.

पोर्शे ९११ मधलं उदाहरणही बघण्यासारखं आहे. तिची ९९६ ही पिढी, त्यानंतरच्या ९९७ पिढीतल्या सुरुवातीच्या गाड्या आणि त्याच काळातली बॉक्स्टर यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट (क्रँकशाफ्टची गती टायमिंग चेनपर्यंत नेणारा दांडा) असतो. त्याच्या टोकाचं बेअरिंग हा या इंजिनांचा नावाजलेला कच्चा दुवा. ते गेलं तर टायमिंग बिघडतं आणि बहुतेक वेळा अख्खं इंजिन हातचं जातं. साधारण २००५ पर्यंतच्या इंजिनांत क्लच बदलायला गिअरबॉक्स काढला की हे बेअरिंग समोरच दिसतं आणि बाहेर काढून बदलता येतं. म्हणून सुज्ञ मालक दोन्ही कामं एकत्र करतात. त्यानंतर मोठं बेअरिंग आलं. ते जास्त टिकाऊ आहे, पण क्रँककेस न उघडता बाहेर येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ च्या टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळ्या घडणीचं इंजिन आहे, त्यामुळे त्यांना ही काळजी नाही. पण त्यांच्या कूलंट लाइनचे काही जोड चिकटवलेले असतात. उष्णतेने आणि वयाने ते सुटतात, आणि पक्के करायचे तर पुन्हा इंजिन उतरवणं आलंच.

अशी एखादी दुखरी जागा जवळजवळ प्रत्येक मॉडेलला असते. २००७ ते २०१३ दरम्यानच्या व्ही८ बीएमडब्ल्यू एम३ मध्ये ती कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. ती आवाज करायच्या आधीच बदलावी लागतात. सुदैवाने पुढची सबफ्रेम खाली सोडून ऑइल पॅन काढलं की खालूनच बदलता येतात, इंजिन बाहेर काढावं लागत नाही. माझ्दा आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनात अपेक्स सील (फिरत्या रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजतात आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडतं. ते इंजिन रचनेनेच थोडं ऑइल जाळतं, त्यामुळे डिपस्टिक नियमित न बघणाऱ्याने ती गाडी घेऊच नये. लोटस एलिसचं यांत्रिक काम सोपं, पण तिचा पुढचा फायबरग्लासचा भाग जवळजवळ अखंड आहे, त्यामुळे किरकोळ धक्क्याची दुरुस्तीसुद्धा मोठी होते. दुखरी जागा माहीत असणं ही निम्मी लढाई आहे, कारण माहीत असलेल्या कामासाठी आधी पैसे बाजूला काढता येतात.

आता नेहमीच्या खर्चाकडे. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणाऱ्याला वाटतं की सर्व्हिसिंग दोन वर्षांनी केली तरी चालेल. चालत नाही. या गाड्यांची बरीच कामं कॅलेंडरने ठरतात. ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदलायचे. साध्या गाडीत चार लिटरच्या आसपास ऑइल पुरतं, इथे आठ-दहा लिटर सहज लागतं. ते कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. बीएमडब्ल्यूच्या त्या व्ही८ ला १०डब्ल्यू-६० सांगितलं असेल तर ‘थोडं पातळही चालतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवायची रचना) असलेल्या अनेक गाड्यांत ऑइलची पातळी इंजिन गरम करून, ते चालू ठेवून, सपाट जागेवर बघावी लागते. थंड इंजिनात बघून वरून ऑइल ओतलं तर ते जास्त होतं आणि इनटेकमध्ये शिरतं. शिवाय खालचं आच्छादन आणि डिफ्यूझर काढून परत बसवायचा वेळ धरला तर साधं ऑइल बदलणंसुद्धा इथे पटकन उरकत नाही.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी साधारण ३.७ टक्क्यांपर्यंत गेलं की तीच मर्यादा १५५ अंश धरली जाते. घाट उतरताना ब्रेक तापले, फ्लुइड उकळलं, तर पेडल थेट तळाला जातं. कमी खर्चाचं काम आहे, पण यात चालढकल नको.

टायरवर जरा थांबू, कारण हा खर्च सगळ्यांना माहीत असतो आणि तरी सगळेच तो कमी धरतात. या गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे मागे टाकून आयुष्य सारखं करता येत नाही. ताकद मागच्या चाकांवर, रबर मऊ, आणि चाकं आत झुकलेली, म्हणून आतली कड आधी संपते. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतल्या कडेला तारा दिसायला लागलेल्या असतात. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय हे कळत नाही. टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, तो जितका मोठा तितकं रबर हळू झिजतं. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एसचा ३००, तर रेस ट्रॅककडे झुकलेल्या पायलट स्पोर्ट कप २ चा १८०. हे आकडे उत्पादकच ठरवतात, म्हणून तुलना एकाच ब्रँडच्या आत करावी, पण दिशा कळते: जितकी पकड जास्त तितकं आयुष्य कमी. मागची जोडी पंधरा हजार किलोमीटर टिकली तर मी ती चांगली टिकली म्हणेन.

तुमच्यासारख्या कमी चालवणाऱ्याच्या बाबतीत मात्र पुढचा टायर झिजण्याआधी म्हातारा होऊ शकतो. भिंतीवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटून गेलेला टायर, त्याची नक्षी कितीही खोल दिसली तरी, या गाडीला मी ठेवत नाही. आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर एक-दोनच टायर बदलताना पुढच्या-मागच्या घेरातला फरक कंपनीने दिलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो, नाहीतर ट्रान्सफर क्लचवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) सतत ताण येतो. पंक्चर एक, टायर चार, असा प्रसंग तिथे येऊ शकतो.

ब्रेकमध्ये लोखंडी डिस्क असल्या तर खर्च समजण्यासारखा: पॅड दोनदा बदलले की डिस्क एकदा, असं ढोबळ धरा. कार्बन-सिरॅमिक डिस्कचं गणित वेगळं. पोर्शेने २००१ च्या ९११ जीटी२ मध्ये त्या दिल्या आणि मग त्या अनेक गाड्यांत आल्या. रस्त्यावर चालवली तर त्या लोखंडीपेक्षा कितीतरी पट टिकतात, ट्रॅकवर सतत तापवल्या तर लवकर संपतात. बदलायची वेळ आली की एक पूर्ण संच कित्येक वर्षांच्या सर्व्हिसिंगएवढा पडतो. त्यांची झीज केवळ जाडीवरून कळत नाही. डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि काढून वजन करून बघावं लागतं. चाक काढताना रिम निसटून डिस्कच्या कडेवर आदळली तर कडेचा टवका उडतो. म्हणून जाणकार माणूस आधी लांब मार्गदर्शक पिन लावतो आणि चाक त्यावरून सरळ बाहेर ओढतो. टायरवाल्याकडे गाडी देताना या पिन आहेत का एवढं विचारा. नसतील तर तिथे चाक काढू देऊ नका.

क्लचचं आयुष्य गाडीपेक्षा पायावर अवलंबून असतं. सिंगल क्लचचे जुने ऑटोमेटेड गिअरबॉक्स, म्हणजे फेरारीचा एफ१, लॅम्बोर्गिनीचा ई-गिअर, हे गर्दीत रांगत चालवले किंवा चढावर ॲक्सिलरेटरवर धरून ठेवले की क्लच झपाट्याने संपतो. यांची झीज निदान यंत्रावर टक्क्यांत वाचता येते. घेण्याआधी ते रीडिंग मागा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स जास्त टिकाऊ आहेत, पण त्यांचं फ्लुइड आणि फिल्टर वेळेवर बदलायलाच हवेत. ‘आजीवन फ्लुइड’ ही कल्पना मला कधीच पटली नाही.

पेट्रोल? हो, जास्त लागतं आणि जास्त ऑक्टेनचं लागतं, पण पाच हजार किलोमीटरला तो एकूण खर्चाचा लहान हिस्सा आहे. विमा घेताना गाडीची मान्य किंमत (गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम) लेखी ठरवून घ्या आणि ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक पॉलिसींत धरलं जात नाही हे लक्षात ठेवा.

आता कमी चाललेल्या गाडीचा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की बारा वर्षांत पंधरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा साठ हजार चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली आणि प्रत्येक बिल जपलेली गाडी घ्यावी. गाडी उभी राहून खराब होते. सील सुकतात आणि मग गळतात, पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टरमध्ये चिकट थर धरतं, डिस्क गंजतात, टायर एका जागी चपटे होतात, बॅटरी मरते. पोर्शेच्या काही मॉडेलमध्ये बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि झाकणाचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी पूर्ण उतरली की फ्यूज बॉक्समधल्या टर्मिनलला बाहेरून वीज देऊनच ते उघडतं. उभी ठेवायचीच असेल तर बॅटरीला मेंटेनर चार्जर (ती सतत भरलेली ठेवणारा) लावून ठेवा. आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जागेवर सुरू करून बंद करायची सवय मोडा. तेवढ्यात इंजिन पूर्ण तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचतं, सायलेन्सरमध्ये ओल राहते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास नीट चालवा. कूलंटचा काटा मधे आला म्हणजे इंजिन तयार झालं असं नाही. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि ते ऐंशी अंशांच्या वर गेल्याशिवाय आरपीएम वर नेऊ नका. पुढच्या रेडिएटरमध्ये पालापाचोळा साचतो आणि ओला राहून कंडेन्सर कुजवतो. वर्षातून एकदा बंपर काढून तो साफ करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

नेहमीचा मेकॅनिक सांभाळेल का? काही कामं नक्की. ऑइल, पॅड, फ्लुइड, बॅटरी तो करू शकेल, जर कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल, टॉर्कचे आकडे आणि गाडीखाली नीट जाणारी लिफ्ट त्याच्याकडे असेल. पण एकाच मोठ्या नटवर चाक असलेल्या काही पोर्शे गाड्यांत तो नट ६०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा लागतो. त्याचा टॉर्क रेंच सगळ्यांकडे नसतो आणि अंदाजाने ते काम करायचं नसतं. टायमिंग, गिअरबॉक्स, सस्पेन्शनची भूमिती हे त्याच मॉडेलवर हात बसलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे न्या. अधिकृत केंद्रापेक्षा त्याची मजुरी बहुधा कमी असते, आणि जुन्या मॉडेलचा अनुभव अनेकदा जास्त. पार्टमध्येही तो पैसे वाचवू शकतो. ब्रेक ब्रेम्बोचे, इलेक्ट्रिकल बॉशचं, गिअरबॉक्स झेडएफचा असं बऱ्याच गाड्यांत असतं. तोच भाग मूळ निर्मात्याच्या खोक्यात घेतला तर स्वस्त पडतो. पण नाव माहीत नसलेल्या निर्मात्याचा टेन्शनर किंवा वॉटर पंप कधीच नको.

बजेट असं मांडा. प्रत्येक कामाचा आजचा दर तज्ज्ञाकडून घ्या आणि त्याला त्या कामाच्या वर्षांनी भागा. ऑइल एकाने, ब्रेक फ्लुइड दोनाने, टायमिंग बेल्ट चाराने, मागचे टायर तिनाने, पुढचे पाचाने, क्लच तुमच्या चालवण्यानुसार आठ-दहाने. त्यात विमा आणि कर मिळवा. त्या बेरजेइतकीच आणखी रक्कम अनपेक्षित बिघाडासाठी पहिल्या वर्षी हातात ठेवा, कारण आधीच्या मालकाने ढकललेली कामं पहिल्या वर्षातच वर येतात. दरमहा तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकणं जड जाणार असेल, तर एक पायरी खालची गाडी घ्या. माझ्दा एमएक्स-५ ही त्यासाठी फार चांगली निवड आहे: हलकी, म्हणून टायर आणि ब्रेक टिकतात, इंजिन पुढे आणि हाताशी, पार्ट मुबलक. चालवण्याचा आनंद कणभरही कमी नाही.

घेण्याआधी तपासणीवर पैसे खर्च करा, आणि तपासणी विक्रेत्याने सुचवलेल्या माणसाकडून नको. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो आणि किती गळतो हे दाखवणाऱ्या), सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का हे बघायला बोरस्कोप (आत घालायचा बारीक कॅमेरा), आणि जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत. ऑइलमध्ये बेअरिंगचे धातू सापडले तर ते आवाज येण्याच्या कितीतरी आधी कळतं. पोर्शेच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन किती वेळा मर्यादेपलीकडे फिरलं आणि चालू तासांच्या हिशेबाने केव्हा, याची नोंद राहते. मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडला की असं होतं. ही नोंद वेगाच्या पट्ट्यांनुसार असते. सगळ्यात वरच्या पट्ट्यातली नोंद अलीकडची असेल तर त्या इंजिनापासून दूर राहा. जुनी असेल आणि त्यानंतर गाडी शेकडो तास नीट चालली असेल, तर लीक-डाउनचे आकडे बघून निर्णय घ्या.